कोरडी म्हटलेली विहीर

गायरान वस्ती, ता. कवठे महांकाळ
१२ नोव्हेंबर १९९५

चि. आम्रपाली,

तू सोमवारी गेलीस आणि आज रविवार. पोचल्याचं पत्र नाही. पोस्टमन दोनदा वस्तीवरून गेला, दोनदा मी त्याला थांबवलं. तिसऱ्यांदा तो लांबूनच हात हलवून गेला. तुझी आई म्हणते, साताऱ्याहून पत्राला चार दिवस लागतात. मलाही ठाऊक आहे चार दिवस लागतात. पण सहा झाले.

साताऱ्यात थंडी फार पडते म्हणतात. शाल नेलीस का? मुलींची खोली वेगळी आहे का, दाराला आतून कडी आहे का, ते आधी कळव.

एक विचारतो, रागावू नकोस. पुढारीपण शिकवायचीही शाळा असते का? आमच्या वेळी पुढारी आपोआप व्हायचे, आणि त्यातले बरेच झाले नसते तर बरं झालं असतं. तीन महिने नुसतं बोलायला शिकवतात की हाताला काही काम देतात? बोलतेस ती तशीही पुरेशी आहेस.

पत्र आईला मीच वाचून दाखवणार, तेव्हा अक्षर मोठं काढ. माझी शाळा तिसरीपर्यंतची, आणि चष्म्याची काडी मोडून दोरा बांधला आहे.

एस.टी. पूर्ण थांबल्याशिवाय खाली पाय टाकत जाऊ नको.

तुझा आबा, यल्लाप्पा


सातारा
२० नोव्हेंबर १९९५

ती. आबा, जय भीम. आईलाही.

शाल आहे. कडी आहे. गाडी थांबल्यावरच उतरले. आता कामाचं लिहिते.

सातारा आणि सांगली, दोन जिल्ह्यांतली आम्ही चोवीस जणं आहोत. माझ्या शेजारच्या खाटेवर वाईकडची राजनंदिनी आहे. घरचा ऊस, वडील फौजेत. पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला रांगोळी दिली आणि अंगणात आपापलं गाव काढायला लावलं. घरं, रस्ता, शाळा, पाणी. राजनंदिनीचं दहा मिनिटांत झालं, तिच्या गावातून कालवाच जातो. माझ्यापाशी सर थांबले. म्हणाले, पाणी कुठं आहे? मी नकाशाच्या बाहेर एक लाल खडा ठेवला. द्राक्षबागेचा पंप. सर म्हणाले, हा तर गावाबाहेर गेला. म्हटलं, व्हय, आमच्या बाया तिथवरच जातात.

शिकणं झालं की प्रत्येक गटाला गावात एक काम करायला थोडी मदत मिळते. काम पोरापोरींनीच ठरवायचं, त्यांनीच करायचं, आणि त्याचा जाबही त्यांनीच द्यायचा. मदत एकदाच मिळते. आपल्या वस्तीवरचे प्रशांत, अक्षता आणि मी, आमचं तिघांचं आधीच ठरलं आहे. पाणी.

पुढचं आईला वाचून दाखवू नका.

नवी विहीर या मदतीत कशीबशी होईल. जुनी उपसली तर नक्की होईल. आपल्याकडे जुनी एकच आहे, बाबांची. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी चार मित्रांना घेऊन खणलेली. तुम्ही काठावर दोर धरून होता. आबा, खाली खरंच काही नव्हतं? ओल तरी? शाळेत मला ‘कोरड्या विहिरीची’ म्हणायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. परवा राजनंदिनीनं विचारलं, वडील कशानं गेले. म्हटलं, पाणी शोधताना. ती म्हणाली, लागलं का? मी नाही म्हटलं. मग तिनं माझ्या ताटात आपली भाजी वाढली. हसली असती तर मला चाललं असतं.

विचारून कळवा. म्हणजे, आठवून.

तुमची आम्रपाली


गायरान वस्ती
२९ नोव्हेंबर १९९५

चि. आम्रपाली,

तो भाग आईला वाचला नाही. ती म्हणाली, एवढं लांब पत्र आणि वाचायला एवढं थोडं कसं? म्हटलं, अक्षर लागलं नाही.

विहीर कोरडी होती. बत्तीस हात नुसता मुरूम. ओल नव्हती. असती तर मी सांगितलं नसतं का? तुझ्या बापाची ती जागा आहे, तिला हात लावू नका. वरून बुजवली तरी आत पोकळ आहे, बाजूच्या मातीची कच कधीही ढासळेल. तुम्ही पोरं उतरणार आणि मी इथं बघत बसणार, हे मला या वयात झेपायचं नाही. हे पत्र वाचून झाल्यावर त्या विहिरीचा विषय काढू नको.

पाणी पाहिजे असेल तर ओढ्याच्या वळणावर चिंचेखाली बघा. बहात्तरला सगळं जळालं तेव्हा ती चिंच हिरवी होती. शेळ्या तिथंच बसायच्या. एकदा पाणी बघणारा पानाड्या आला होता, त्याच्या तळहातावरचा नारळ तिथंच उभा राहिला. माझ्या अंदाजानं पंचवीस हातांवर लागेल. मी म्हणतो म्हणून नव्हे, तुमच्या सरांनाही विचारा. पण त्यांना चिंचेचंच सांगा.

रात्री झोप येत नाही. खोकला आहे, दुसरं काही नाही.

आबा


सातारा
१८ जानेवारी १९९६

ती. आबा,

मंजूर झालं!

टेबलामागं चार जण बसले होते. बाकीच्या गटांनी कागद आणले होते, कुणी सरकारी, कुणी इंजिनियरचे. मला विचारलं, जागा कशावरून ठरवली? म्हटलं, आमच्या आबांनी सांगितली. ते दुष्काळी कामावर मुकादम होते, त्यांना मातीतलं कळतं. एक बाई हसून म्हणाल्या, आजोबांवर एवढा भरवसा? मी म्हटलं, त्यांनी मला कधी खोटं सांगितलेलं नाही. त्यावर कुणी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

गेल्या आठवड्यात एक ओव्हरसियर शिकवायला आले होते. खणलेली माती काठापासून दहा पावलं लांब टाकायची. काठावर ढीग केला की त्याच्या वजनानं कच सुटते, आणि वरून एक माणूस वाकला तरी पुरतं. मी ते वहीत दोनदा लिहून घेतलं. तेव्हा तुम्ही अजिबात घाबरायचं नाही. तुम्ही सावलीत बसून चुका काढायच्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येते. आईला सांगा, उन्हाळ्याच्या आत घागर दारात भरेल.

तुमची आम्रपाली


गायरान वस्ती
२ एप्रिल १९९६

चि. आम्रपाली,

तू न सांगता गेलीस. दारात चप्पल दिसली नाही तेव्हा कळलं. तुझ्या आईनं भाकरी बांधून दिली म्हणाली, म्हणजे तिला सांगून गेलीस, मला नाही. असू दे.

अठ्ठावीस हातांवर काळा पाषाण लागला यात तुझी काय चूक? दोन महिने तुम्ही पोरांनी जीव काढला. प्रशांतच्या हाताच्या फोडांना मी स्वतः हळद लावली. अक्षता घमेली धुऊन विहारात ठेवून गेली. ज्या दिवशी पहार पाषाणावर वाजली त्या दिवशी तू वर येऊन माझ्याकडं बघितलंस. ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू काही विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

लोकांचं मनावर घेऊ नको. बयाबाई पंपाच्या वाटेवर म्हणाली, ‘बापाची खोड पोरीत उतारली.’ तुझी आई घागर घेऊन पुढं निघून गेली. नानासो, जो तुझ्या बापाबरोबर खणायला होता, तो तेवढा काही बोलला नाही.

तिकडं उन्हात फिरू नको. ताक घेत जा. एक सांगायचं होतं, भेटलीस की सांगेन. तसं महत्त्वाचं नाही.

आबा


सातारा
१६ एप्रिल १९९६

ती. आबा,

जयंतीला आले नाही, त्याबद्दल आईला वाईट वाटलं असेल. तिला सांगा, मेळाव्यातून निघता आलं नाही.

शनिवारी शेवटचा मेळावा झाला. प्रत्येक गटानं आपल्या कामाचे फोटो पुठ्ठ्यावर लावले होते. कुणाचं वाचनालय, कुणाचा शिवणवर्ग. राजनंदिनीच्या गटानं धरणग्रस्तांच्या वस्तीत बालवाडी काढली आहे. माझ्या पुठ्ठ्यावर एकच फोटो होता, चिंचेखालचा खड्डा आणि काठावर शेळी. लोक हसले. वाईट नाही हसले, मीही हसले. सर म्हणाले, हरण्यातूनही शिकायला मिळतं. मग कुणीतरी विचारलं, जागा कुणी निवडली? म्हटलं, मी. ज्याच्यावर येतं तो पुढारी, हे इथंच शिकले.

आणि त्यापुढं माझ्या तोंडून गेलं, आमच्या घरात दोन पिढ्या कोरडंच खणतात. त्यावर कुणी हसलं नाही.

मला इथं मुलींच्या वसतिगृहात नोकरी मिळते आहे. घेणार आहे. वस्तीवर तोंड दाखवायला मला आता होणार नाही. प्रशांत-अक्षतानं माझ्यावर भरवसा ठेवला, मी तुमच्यावर, तुम्ही चिंचेवर. कुणाचाच दोष नाही.

लहानपणी मला बाबांचा फार राग यायचा. पोटातल्या पोरीला सोडून माणूस कोरड्या भोकात मरतोच कसा. परवा पुठ्ठा उचलून उभी होते तेव्हा पहिल्यांदा त्यांची कीव आली. मग वाटलं, एका परीनं सुटले. खाली पाणी नाही हे त्यांना कळायच्या आत गेले.

आम्रपाली


गायरान वस्ती
२५ एप्रिल १९९६

आम्रपाली,

चार कागद फाडले. हा पाचवा.

विहिरीला पाणी होतं.

तुझ्या बापाला ते कळलं होतं. दुपारची वेळ होती. नानासो आणि बाकीचे तिघं भाकरी खायला गेले होते. बिराप्पा एकटा खाली, मी एकटा दोरावर. खालून तो ओरडला, ‘आबा, पाणी लागलं.’ आणि हसला. विहिरीतून हसणं मोठं होऊन वर येतं. इतकी वर्षं झाली, पण भरल्या घागरीत कुणी वाटी बुडवली तरी मला ते ऐकू येतं.

मला राहवलं नाही. बघायला काठावर गेलो आणि वाकलो. काढलेली माती आम्ही काठालाच टाकत होतो, लांब न्यायचा कंटाळा. माझ्या पायाखालून ती सरकली. मी मागं पडलो. माती खाली गेली आणि तिच्यामागून सगळी कच गेली. तू लिहिलं होतंस ना, वरून एक माणूस वाकला तरी पुरतं. ती ओळ मी आईला वाचून दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला काढला. मीच उतरलो, दुसऱ्या कुणाला उतरू दिलं नाही. कमरेपर्यंत ओला होता. खालीच घोंगड्यात गुंडाळला, मग दोर बांधला. वर आल्यावर म्हटलं, उघडू नका, बघवणार नाही. टँकर चार दिवसांनी यायचा. नानासोच्या घरची एकच घागर भरलेली होती, ती मागवली आणि तिथंच काठावर घोंगड्यासकट त्याच्यावर ओतली. लोक चिडले. नानासो म्हणाला, ‘आबा, घरी न्हेऊन आंघूळ घालायची, हितं काय?’ मी ऐकलं नाही. त्यानंतर तो ओला का आहे, हे कुणी विचारलं नाही. आंघोळ घातली म्हणून ओला. त्याच संध्याकाळी मी म्हटलं, कोरडी आहे, बुजवा.

पाणी आहे म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते चौघं पुन्हा उतरले असते. तहानलेली वस्ती त्यांना अडवणार नव्हती. हे कारण मी स्वतःला तेवीस वर्षं सांगतो आहे. ते खरं आहे. पण पहिलं कारण ते नव्हे. पाणी लागलं म्हटलं की लोक विचारणार होते, मग कच पडली कशी? मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. त्यापेक्षा माझा पोरगा खुळा ठरलेला मी चालवून घेतला. तुला शाळेत चिडवायचे तेही चालवून घेतलं. बाया पंपावर जात राहिल्या.

चिंचेचं मी बनवलं. पानाड्या कधी आलाच नव्हता. वाटलं, तिथं खणाल, लागलं तर बरं, नाही लागलं तर दमून सोडून द्याल. त्या विहिरीत तरी उतरणार नाही. तुझी मदत त्यात गेली. ती एकदाच मिळते हे तू लिहिलं होतंस.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी तुझ्या आईला वाचून दाखवलं. काही न वगळता. ती चुलीपुढं बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मामा, त्येंच्या नखांत वला चिखूल हुता. मी घोंगड्यातनं हात धरला तवाच बघितला.’

मी म्हटलं, ‘आक्काताई, मग एवढी वर्सं बोलली का न्हाईस?’

म्हणाली, ‘तुमी सांगशिला म्हणून.’

मग घागर घेतली आणि रोजच्यासारखी पंपावर गेली.

यल्लाप्पा


सातारा
६ मे १९९६

आबा,

पत्र पोचलं. त्या टेबलापुढं तुमच्याबद्दल मी काय म्हटलं होतं ते तुम्हाला लिहिलं होतं. ते वाचूनही तुम्ही मला चिंचेखाली खणू दिलंत. रोज तिथं सावलीत बसून बघत होता.

आईला यापुढं मी अक्षताच्या पत्त्यावर लिहीन. तीच वाचून दाखवेल.

आम्रपाली


गायरान वस्ती
९ जून १९९६

चि. आम्रपाली,

मला लिहू नका असं तू लिहिलेलं नाहीस. आईला मी वाचून दाखवायचं नाही, एवढंच. म्हणून लिहितो. हे शेवटचं, पुन्हा त्रास देणार नाही.

वैशाख पौर्णिमेला सगळे विहारात जमले तेव्हा उभा राहिलो आणि सांगितलं. तुला लिहिलं तेवढंच, तसंच. कुणी मला मारलं नाही. नानासो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि म्हणाला, ‘आबा, आमास्नी वाचवाय बिराप्पाला खुळा केलासा. आमची पोरं त्येला हसत्यात, आन आमी आयकून घ्येतो.’ मला त्याला सांगायचं होतं, तुम्हाला वाचवणं हे दुसरं कारण होतं. पण ते तर मी आधीच सांगितलं होतं. तरी तो असंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पहार घेऊन जागेवर आला. मग प्रशांत, मग अक्षता, मग एकेका घरातून एकेक माणूस. मदत नाही, संस्था नाही. प्रशांतनं आधी दहा पावलं मोजली, चुन्याची रेघ मारली आणि सांगितलं, माती रेघेच्या पलीकडं. आम्रपालीनं शिकवलंय, असं सगळ्यांना सांगत होता. कुणी कंटाळा केला नाही. वेळूच्या चौकटी करून कच धरली. ते तुझ्या वहीतलंच असेल.

दोर बांधला तेव्हा मी सवयीनं उठलो. हात पुढं केला. तुझी आई म्हणाली, ‘मामा, दोर तुमी धरू नका.’ रागानं नाही म्हणाली. जेवायला वाढते तशी म्हणाली. मी जाऊन रेघेच्या पलीकडं बसलो. रोज तिथंच बसतो.

गेल्या मंगळवारी माती गार लागायला लागली. गुरुवारी बिराप्पाची पहार सापडली. नानासोनं ती पाण्यात धुऊन वर पाठवली. पाण्यात, आम्रपाली. सकाळपर्यंत पुरुषभर चढलं होतं. बयाबाई काठावर बसून रडली आणि पहिल्यांदा बिराप्पाचं नाव घेऊन शिव्या दिल्या, म्हणाली, मेल्या, एवढं पाणी पायाखाली ठेवून गेलास. आता बाया ‘बिराप्पावर जाते’ म्हणतात.

पहिली घागर तुझ्या आईनं भरली. घरात आणून झाकून ठेवली आहे. त्यातलं ती पीत नाही, कुणाला देत नाही. तू आलीस की उघडणार म्हणते. मी त्या विहिरीचं पाणी अजून घेतलेलं नाही. उन्हाळ्याचा टँकर अजून येतो, तोवर माझं भागतं.

तू इकडं का येत नाहीस ते मला कळतं. वस्तीवर तोंड दाखवायचं नाही असं तू लिहिलं होतंस. आता वस्तीचं तसं काही राहिलेलं नाही. राहिलो मी. त्याचा बंदोबस्त केला आहे. आटपाडीची गाडी फाट्यावर सकाळी सातला येते. मी तिनं हरणाबाईकडं जातो. बहीण आहे, पडून राहू देईल. तुला साताऱ्याहून पोचायला दुपार होते. मी कंडक्टरला दोनदा विचारून घेतलं आहे, वाटेत आपली गाठ पडायची नाही. तू हवे तितके दिवस राहा. फक्त येण्याचा दिवस कळव. अक्षताच्या पत्रात कळवलास तरी चालेल, ती मला लांबून सांगेल.

पिशवी भरून ठेवली आहे. चष्म्याला नवी काडी लावली. तुझी पत्रं घेऊन जाऊ की इथंच ठेवू, ते समजत नाही. बहुतेक इथंच ठेवीन, आईला लागतील.

घागर आत शिरल्यावर डाव्या हाताला आहे, पांढऱ्या फडक्याखाली. फाट्यावर खडी टाकली आहे, गाडी थोडी पुढं जाऊन थांबते. पूर्ण थांबल्याशिवाय खाली पाय टाकू नको.

आबा